थांबावे की फटकवावे? रायगड किनाऱ्यावरच्या शाळकरी फलंदाजांपुढचा प्रश्न

शाळकरी फलंदाजाला एकाच आठवड्यात दोन उलटे सल्ले मिळतात. शाळेतले क्रीडाशिक्षक सांगतात, "घाई करू नकोस, आधी खेळपट्टीवर उभा राहा." रविवारी तोच मुलगा गावच्या संघातून उतरला की सीमारेषेबाहेरून काका-मामा ओरडतात, "नुसता उभा काय राहिलास, फिरव की रे!" दोघेही त्याचे भले चिंतणारेच असतात आणि आपापल्या जागी दोघेही बरोबर असतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा गोंधळ उडतो तो म्हणूनच. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात हा गोंधळ अधिक तीव्र आहे. इथली मुले टेनिस चेंडूच्या झटपट सामन्यांत वाढतात, आणि निवड चाचणीला गेली की त्यांच्याकडून लेदरच्या चेंडूपुढे तासन्‌तास तग धरण्याची अपेक्षा होते.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत शाळाशाळांतून बेसबॉल खेळला जातो. तिथेही फलंदाजाने चांगल्या चेंडूची वाट पाहावी की पहिल्याच चेंडूवर तुटून पडावे, यावर प्रशिक्षक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले आहेत. या लेखात दोन्ही बाजूंचे म्हणणे, त्यामागची कारणे आणि आपल्या किनाऱ्यावरची परिस्थिती यांचा आढावा घ्यायचा आहे. शेवटी एक निष्कर्षही मांडायचा आहे, कारण मुलांना नुसत्या चर्चेचा उपयोग नसतो.

ओहोटीचे क्रिकेट, शेतातले क्रिकेट

रायगडच्या किनाऱ्यावर सामना किती षटकांचा होणार हे बऱ्याचदा समुद्र ठरवतो. ओहोटी लागली की पुळणीवर ओल्या, घट्ट वाळूचा लांबरुंद पट्टा उघडा पडतो. अलिबागला याच वेळी लोक कुलाबा किल्ल्याकडे चालत निघतात आणि मुले स्टंप रोवतात. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि भरती कुणासाठी थांबत नाही. मिळालेल्या तीन-चार तासांत सगळ्यांना खेळायचे असते, त्यामुळे सामने आखूड होतात.

गावोगावच्या स्पर्धांचीही तीच तऱ्हा. भातकापणी आटोपली की शेत साफ करून, पाणी मारून, रोलर फिरवून खेळपट्टी केली जाते. दिवाळीपासून पाऊस तोंडावर येईपर्यंत चषकांची रांग लागते. आगरी-कोळी गावांत या स्पर्धांचे वजन जत्रेइतके असते. प्रकाशझोत, मराठी समालोचन, यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण, मालिकावीराला मोटारसायकल, असा थाट असतो. मोजक्या दिवसांत भरपूर संघ खेळवायचे म्हणून डाव चार, सहा किंवा आठ षटकांचा ठेवावा लागतो.

आता हिशेब पाहा. सहा षटके म्हणजे 36 चेंडू. सलामीच्या दोघांनी त्यांतले वीस-बावीस खेळले, तर पाचव्या-सहाव्या क्रमांकावरच्या मुलाच्या वाट्याला दोन किंवा तीन चेंडू येतात, आणि संघातला सर्वांत लहान मुलगा बहुधा याच क्रमांकावर असतो. तीन चेंडूंत त्याने कसला धीर धरायचा? तो बॅट फिरवतो ते बरोबरच करतो. "हल्लीच्या मुलांना दमच नाही" असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. मुलाचा स्वभाव उतावळा असतो असे नाही, सामन्याचे गणितच त्याला घाई करायला लावते.

चेंडूचाही यात वाटा आहे. साधा टेनिस चेंडू 56 ते 59 ग्रॅमचा, तर मोठ्यांच्या क्रिकेटचा लेदरचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा. टेनिस चेंडू लागला तरी फारसे दुखत नाही, त्यामुळे मुलगा पुढचा पाय बाजूला काढून बिनधास्त बॅट फिरवतो. चेंडू हलका असल्याने वारा त्याला हलवतो. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटले की पश्चिमेकडे मारलेला उंच फटका हवेत अडकतो आणि गावाच्या दिशेने मारलेला तरंगत सीमेपार जातो. किनाऱ्यावरची हुशार मुले हे न शिकवता ओळखतात. वारा कुठून आहे, कोणती बाजू मोकळी आहे, ओल्या वाळूवर चेंडू किती खाली राहतो याचा अंदाज घेऊनच ती फटका निवडतात. बाहेरून बघणाऱ्याला नुसती हाणामारी दिसते. प्रत्यक्षात तिच्यात निवड असते, आणि पुढच्या शिकवणीचा पाया तीच आहे.

उभे राहण्याची परंपरा

खाडीपलीकडच्या मुंबईने उभे राहण्याची विद्या जोपासली. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी 71.64 आहे. 1958-59 ते 1972-73 अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला आणि 2023-24 मध्ये 42 व्यांदा जिंकला. या यशाच्या मुळाशी 'खडूस' म्हणून ओळखली जाणारी वृत्ती आहे. आपली विकेट फुकट द्यायची नाही, गोलंदाजाला ती कमवायला लावायची.

ही वृत्ती शाळेपासून घडवली जाई. मूळचे मालवणकडचे रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर सरावाच्या वेळी स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करील त्या गोलंदाजाला ते मिळे, आणि तो नाबाद राहिला तर त्याचे त्यालाच. तशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. विकेटची किंमत शिकवण्याचा याहून थेट मार्ग सापडणार नाही. हेच आचरेकर सर त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेऊन सामन्यांमागून सामने खेळायला लावत, हेही लक्षात ठेवायला हवे. नाण्याने विकेटची किंमत शिकवली आणि या सामन्यांनी चेंडू ओळखायला शिकवले. दुसऱ्या भागाशिवाय पहिला अपुरा राहिला असता.

फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या विनोद कांबळीने नाबाद 349 आणि सचिनने नाबाद 326 धावा केल्या. 664 धावांची ती भागी शाळकरी मुलांची होती आणि तिला वेळ मिळाला होता. शाळेच्या सामन्यात एवढा वेळ मिळणे हाच मुंबईच्या मुलांचा खरा ठेवा. किनाऱ्यावरच्या बहुतेक मुलांच्या वाट्याला तो येत नाही. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. तालुक्याला पहिला सामना हरला की त्या शाळेचा हंगाम संपला. रायगड जिल्हा क्रिकेट संघटना पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला जोडलेली आहे, त्यामुळे उरणच्या मुलाला समोर मुंबई दिसत असली तरी त्याची क्रिकेटची वाट घाट चढून जाते.

धीराच्या बाजूने सर्वांत ठळक उदाहरण सचिनच्याच मोठेपणीचे आहे. 2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू ड्राइव्ह करताना तो वारंवार बाद होत होता. जानेवारी 2004 मध्ये सिडनीला त्याने कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि 436 चेंडूंत नाबाद 241 धावा काढल्या. हातातला आवडता फटका दिवसभर न खेळण्याला मोठे बळ लागते. त्याच डावात त्याने 33 चौकार मारले, हेही सांगायला हवे. त्याने मारणे सोडले नव्हते, एका प्रकारच्या चेंडूला नकार दिला होता.

धीराचा अतिरेकही आपण पाहिला आहे. 7 जून 1975 रोजी लॉर्ड्‌सवर पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी इंग्लंडने 60 षटकांत 334 धावा केल्या आणि सुनील गावसकर 174 चेंडूंत 36 धावांवर नाबाद परतले. संघाच्या धावा झाल्या 3 बाद 132. ज्या तंत्राने वेस्ट इंडिजच्या तोफखान्यापुढे धावांचे डोंगर उभारले, तेच तंत्र त्या दिवशी सामन्याच्या गरजेला उत्तर देऊ शकले नाही. त्याच गावसकरांनी 31 ऑक्टोबर 1987 रोजी नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध 88 चेंडूंत नाबाद 103 धावा केल्या. एकाच माणसाच्या हातात दोन्ही गोष्टी असू शकतात, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगली जोडी नाही.

तुटून पडण्याची बाजू

आक्रमणाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे आज जोरात आहे आणि त्याला आधारही आहे. 28 एप्रिल 2025 रोजी चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने आयपीएलमध्ये 35 चेंडूंत शतक ठोकले. त्यानंतर आठवड्याच्या आतच विरारच्या आयुष म्हात्रेने सतराव्या वर्षी बंगळूरविरुद्ध 48 चेंडूंत 94 धावा केल्या. टेनिस चेंडूलाही मोठा मंच मिळाला. मार्च 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली आणि गल्लीत, शेतात, पुळणीवर खेळलेल्या मुलांना दूरचित्रवाणीवर दहा षटकांचे सामने खेळता आले. किनाऱ्यावरच्या मुलाला "हे मारणे सोड, नाहीतर पुढे जाणार नाहीस" असे आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

आक्रमणाचे फायदे मनाशीही निगडित आहेत. मारण्याच्या तयारीत असलेल्या फलंदाजाचे पाय हलतात, बॅट वेळेवर खाली येते, आखूड किंवा फुलटॉस चेंडू निसटत नाही. बचावाच्याच विचारात असलेला मुलगा खराब चेंडूही अडवतो आणि दोन निर्धाव षटकांनंतर दडपणाखाली वेडावाकडा फटका मारून बाद होतो. असे बाद होणे आक्रमकतेच्या खात्यात टाकले जाते. खरे कारण आधीच्या बारा चेंडूंवरच्या भीतीत असते.

मुंबईच्या मैदानांनी आक्रमक कौशल्यही दिले आहे. सूर्यकुमार यादव यष्ट्यांमागे मारतो तो 'सुपला' फटका रबरी चेंडूच्या क्रिकेटमधून आला, हे त्याने स्वतः सांगितले आहे. म्हणजे गल्लीतल्या खेळाने तंत्र बिघडतेच असे नाही, कधी ते वाढवतेही.

मोठ्या आकड्यांनी मात्र भुलू नये. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय भंडारी चषकात 327 चेंडूंत नाबाद 1009 धावा केल्या. तो विश्वविक्रम आहे आणि एवढा वेळ एकाग्र राहणे हे त्या मुलाचे कर्तृत्वच. पण समोरचा संघ आपल्या पहिल्या डावात 31 धावांत आटोपला होता. इतक्या दुबळ्या गोलंदाजीपुढे केलेल्या धावांवरून फलंदाज अवघड चेंडू ओळखतो की नाही हे कळत नाही.

शालेय पातळीवरचा एक धोका दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो. या वयात गोलंदाज दिशाहीन असतात, म्हणून नुसते उभे राहणाऱ्यालाही धावा मिळतात, वाइड मिळतात. क्षेत्ररक्षक कच्चे असतात, म्हणून आंधळेपणाने मारणाऱ्याचेही झेल सुटतात. दोघांनाही वाटते आपलाच मार्ग बरोबर. पुढच्या पातळीवर गोलंदाज चुकत नाही आणि झेल सुटत नाही, तेव्हा दोघांचेही पितळ उघडे पडते. म्हणून चौदाव्या वर्षीच्या धावा पुरावा ठरत नाहीत. त्या कोणत्या चेंडूंवर आल्या हे पाहावे लागते.

बेसबॉलवाले काय म्हणतात

महाराष्ट्राच्या शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात, पण नियम सर्वांच्या परिचयाचे नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. फलंदाजासमोरच्या तळाची पाटी 17 इंच रुंद असते. तिच्यावरून, गुडघ्याच्या खालच्या भागापासून छातीच्या आसपासच्या उंचीपर्यंत चेंडू गेला तर तो 'स्ट्राइक'. फलंदाजाने तो सोडला तरी त्याच्या विरोधात मोजला जातो, आणि तीन स्ट्राइक झाले की तो बाद. चेंडू या चौकटीबाहेरून गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर तो 'बॉल'. असे चार झाले की फलंदाज चालत पहिल्या तळावर जातो. तिथे योग्य चेंडू सोडण्याचे थेट बक्षीस मिळते.

टेड विल्यम्स या थोर फलंदाजाने 1941 च्या हंगामात 0.406 ची सरासरी राखली, म्हणजे दहापैकी चार प्रयत्न यशस्वी. 1970 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्याने स्ट्राइकची चौकट 77 चेंडूंत विभागून दाखवली. मध्यभागी आलेल्या चेंडूवर आपली सरासरी 0.400, तर बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात आलेल्या चेंडूवर 0.230, असा त्याचा अंदाज होता. मारण्याजोगा चेंडू मिळेपर्यंत थांबा, हा त्याचा पहिला नियम. थांबायचे ते मारण्यासाठीच, हे त्यात गृहीत होते.

धीराच्या विरोधातला आक्षेपही मोलाचा आहे. शाळेच्या बेसबॉल सामन्यात सातच डाव असतात आणि एका फलंदाजाला बहुधा तीन-चारच संधी मिळतात. चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पहिला चेंडू चौकटीत टाकतो, आणि कित्येकदा तोच सर्वांत सोपा असतो. तो सवयीने सोडणाऱ्या मुलावर लगेच दडपण येते. दोन स्ट्राइक झाल्यावर न आवडणाऱ्या चेंडूवरही बॅट फिरवावी लागते. म्हणून तिथले जाणते प्रशिक्षक सांगतात की प्रत्येक चेंडू मारायचाच अशा तयारीने उभे राहा आणि चेंडू वाईट दिसला तरच हात आवरा. मारणे ही मूळ स्थिती, आणि सोडणे हा पाहून घेतलेला निर्णय. क्रिकेटच्या शाळकरी फलंदाजालाही ही शिस्त जशीच्या तशी लागू पडते.

डोळा काय करतो

हा निर्णय घ्यायला वेळ किती मिळतो? क्रिकेटच्या दोन क्रीजमधले अंतर 58 फूट, म्हणजे 17.68 मीटर. ताशी 100 किलोमीटर वेगाने टाकलेला शाळकरी गोलंदाजाचा चेंडू हे अंतर साधारण साडेसहा दशांश सेकंदात कापतो. त्यातला शेवटचा भाग बॅट खाली आणण्यात जातो. कोणता चेंडू आहे हे ओळखायला पापणी लवण्याइतकाच अवधी उरतो.

मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या संशोधकांनी 2000 साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. फलंदाज चेंडूकडे शेवटपर्यंत टक लावून पाहत नाही. हातातून सुटताना तो चेंडू पाहतो, मग नजर चेंडूच्या पुढे झेपावून टप्पा पडणार त्या जागेवर जाऊन थांबते. चांगल्या फलंदाजाची नजर तिथे लवकर पोहोचते, कमी कसलेल्याची उशिरा. गोलंदाजाच्या मनगटावरून आणि खांद्यावरून चेंडू सुटण्यापूर्वीच अंदाज घेण्याची कलाही अनुभवी फलंदाजांत अधिक असते, असे इतर अभ्यास सांगतात.

यातून आपल्या कामाची गोष्ट निघते. धीर हा उपदेशाने येणारा गुण नाही. ज्याला चेंडू लवकर ओळखता येतो, त्याच्याकडे थांबायला वेळ असतो. ज्याला ओळखता येत नाही त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात, आधीच ठरवून मारणे किंवा आधीच ठरवून अडवणे. दोन्ही एकाच अज्ञानाची रूपे आहेत. अशा मुलाला "दम धर" सांगितले तर तो मारण्याऐवजी आंधळेपणाने अडवू लागतो, इतकेच.

चेंडू महाग की विकेट महाग

वादाचा निम्मा भाग एका प्रश्नाने सुटतो. आज सामन्यात महाग काय आहे, चेंडू की विकेट? दोन दिवसांच्या सामन्यात चेंडू मुबलक आणि विकेट्‌स दहाच असतात, म्हणून विकेट जपायची. सहा षटकांच्या सामन्यात 36 चेंडूंसाठी दहा विकेट्‌स असतात, म्हणून चेंडू वाया घालवायचा नाही. वीस षटकांत दोन्हींची किंमत दर षटकाला बदलते, आणि ती ओळखणे ही स्वतंत्र कला आहे.

खेळाचे नियम माणसाच्या धीराला कसे वळण देतात हे रायगडच्या माणसाला कबड्डीतून ठाऊक आहे. चढाईपटू धोका न पत्करता रिकामा परत येऊ लागले, तसा सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा, असा 'करो या मरो'चा नियम आला. त्या तिसऱ्या चढाईतही शहाणा खेळाडू पहिल्या क्षणी उडी घेत नाही. तीस सेकंदांतले बरेचसे तो बचावाची साखळी कुठे ढिली पडते हे पाहण्यात घालवतो आणि मग झेप घेतो. आक्रमण करायचे हे ठरलेले असते, कधी करायचे तेवढे तो निवडतो.

क्रिकेटमध्ये याचे अलीकडचे सुंदर उदाहरण 30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईत दिसले. महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 धावांचे लक्ष्य गाठताना जेमिमा रॉड्रिग्जने 134 चेंडूंत नाबाद 127 धावा केल्या. त्यात 14 चौकार होते आणि षटकार एकही नव्हता. चौकारांच्या 56 धावा वजा केल्या तर 71 धावा तिने पळून काढल्या. धावगती कुठे अडली नाही आणि विकेटही दिली नाही. आक्रमकता म्हणजे षटकार, ही समजूत किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने या एका डावाकडे पाहून सोडून द्यावी.

मोठ्या कसोटीत दोन्ही वृत्ती एकमेकींना सांभाळतात. 19 जानेवारी 2021 रोजी ब्रिस्बेनला 328 धावांचा पाठलाग करताना चेतेश्वर पुजाराने अंगावर चेंडू झेलत 211 चेंडूंत 56 धावा केल्या आणि ऋषभ पंतने 138 चेंडूंत नाबाद 89. पुजाराने गोलंदाज थकवले, म्हणून पंतला मारता आले. विजयात दोघांचाही वाटा होता. शाळेच्या संघातही दोन्ही स्वभावांच्या मुलांना जागा हवी. सगळ्यांना एकाच साच्यात बसवणारा शिक्षक संघाचे नुकसान करतो.

सरावात काय करता येईल

सर्वांत सोपा सराव पुळणीवरही होतो. गोलंदाजाने टेनिस चेंडू टाकायचा आणि फलंदाजाने टप्पा पडायच्या आत मोठ्याने एक शब्द उच्चारायचा, 'सोड', 'खेळ' किंवा 'मार'. पहिल्या दिवशी बहुतेक मुलांचा आवाज टप्प्यानंतर येतो. काही मुले प्रत्येक चेंडूला 'मार' म्हणतात. शिक्षकाने धावा मोजायच्या नाहीत, शब्द बरोबर होता का एवढेच सांगायचे. थोड्या दिवसांत आवाज टप्प्याच्या आधी येऊ लागतो. त्या सरकलेल्या क्षणभरात धीरही असतो आणि ताकदीचा फटकाही.

दुसरा मार्ग वहीचा. प्रत्येक मुलाने सामन्यानंतर तीनच गोष्टी लिहाव्यात. बाद झालो तो चेंडू मारण्याजोगा होता का? मारण्याजोगे किती चेंडू अडवले? एकेक धाव किती वेळा सोडली? मारण्याजोग्या चेंडूवर बाद झालेल्या मुलाला रागावू नये. चूक फटक्याची असेल, निवडीची नव्हती. सोडण्याजोग्या चेंडूवर षटकार मारलेल्या मुलाचे कौतुक मात्र जपून करावे. हे पालकांना पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण टाळ्या षटकाराला पडतात.

वयाचा विचारही हवा. बारा-तेराच्या मुलाच्या मनगटात सीमारेषा ओलांडण्याचे बळ नसते. त्याच्याकडून षटकार मागितले की तो अंग झोकून आडवी बॅट फिरवतो आणि तीच खोड पुढे राहते. क्रिकेटच्या नियमांतही तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी लहान आणि हलका चेंडू सांगितलेला आहे. लहान चेंडू, आखूड खेळपट्टी आणि जवळची सीमारेषा दिली तर ते मूल सरळ बॅटने मारायला शिकते.

निष्कर्ष

शाळकरी फलंदाजाने मारण्याच्याच तयारीने उभे राहावे आणि सोडण्याची ताकद कमवावी, असा या सगळ्याचा निवाडा आहे. धीर आणि आक्रमकता या दोन्हींचे मूळ चेंडू ओळखण्यात आहे आणि चेंडू ओळखणे भरपूर चेंडू खेळल्याशिवाय येत नाही. किनाऱ्यावरच्या मुलांत दम नाही, धाडस जास्त आहे, या चर्चेत वर्षे गेली. त्यांना खरी टंचाई चेंडूंची आहे. आयुष म्हात्रेने ऑक्टोबर 2024 मध्ये रणजीत महाराष्ट्राविरुद्ध 176 धावांची खेळी केली आणि पुढच्याच मे महिन्यात आयपीएलमध्ये त्या 94 धावा फटकावल्या. दोन्ही प्रकारचे सामने वाट्याला आले म्हणून दोन्ही प्रकारची फलंदाजी त्याला दाखवता आली.

म्हणून गावोगावच्या क्रीडा मंडळांना एक विनंती आहे. मोठ्यांचा चषक थाटात होऊ द्या. त्याच मैदानावर, त्याच मांडवात एक दिवस सोळा वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी राखून ठेवा. जोड्यांचे क्रिकेट खेळवा. प्रत्येक जोडीला ठरावीक चार षटके मिळतील, बाद झाले तर धावा वजा होतील, पण खेळ चालू राहील. इंग्लंडमध्ये लहान मुलांसाठी ही पद्धत वापरतात आणि तिला जादा खर्च लागत नाही. थोड्या मोठ्या मुलांना हंगामात निदान दोन-तीन सामने वीस षटकांचे द्या आणि शक्य तिथे लेदरच्या चेंडूवर. बक्षीस म्हणून मोटारसायकल नको, एक चांगली बॅट पुरे. यंदा भातकापणीनंतर खेळपट्टी तयार कराल तेव्हा पहिला सामना या मुलांचा लावा.